गोदीतलं शंटिंग इंजिन: मॉडेल कसं करायचं, खरं कसं वाचवायचं?

शिवडीची_खाडी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

माझे आजोबा (आईचे वडील) मुंबई पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेत सांधेवाले, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन, होते. ही रेल्वे १ जानेवारी १९१५ ला सुरू झाली. एका टोकाला बॅलार्ड पिअर, दुसऱ्या टोकाला वडाळा, आणि मधे गोद्या, गोदामं, शिवडीची कापसाची वखार. पुढे १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल ही गाडी विलायतेची बोट लागायच्या दिवशी थेट बॅलार्ड पिअरवरून सुटायची, म्हणून या लाइनीचं नाव निघालं की लोकांना तीच आठवते. आजोबांना मात्र मेलचं काही नव्हतं. ते बोलायचे वाघिणींबद्दल, म्हणजे मालडब्यांबद्दल, आणि त्या वाघिणी दिवसभर इकडून तिकडे ढकलणाऱ्या बुटक्या शंटिंग इंजिनांबद्दल.

आई गेल्या वर्षी गेली. घर आवरताना माळ्यावर आजोबांची हातबत्ती सापडली. पत्र्यावर गंजाचा थर, वरची मूठ एका बाजूला झिजून गुळगुळीत झालेली. आत एक लाल काच आणि एक निळी. हिरवी फुटली असेल आणि कुणीतरी मिळेल ती बसवली असेल असं आधी वाटलं. मग आत घासलेटची वात पेटवून अंधारात धरली, तर निळ्या काचेतून स्वच्छ हिरवा उजेड पडला. वातीची ज्योत पिवळी असते, पिवळ्यावर निळसर काच आली की हिरवं दिसतं. जुन्या रॉकेलच्या सिग्नल बत्त्यांना काच अशीच निळसर घालत. त्या रात्री ठरवलं की गोदीचं मॉडेल करायचं.

जागा लहान आहे, चार फूट बाय सव्वा फूट. एक गोदाम, फरसबंदीत बुडवलेले रूळ, एक इंजिन, सहा वाघिणी. इंजिन म्हणून डोळ्यांसमोर आहे ते इंग्लंडातलं ट्राम इंजिन: चारी बाजूंनी लाकडी पेटी, चाकं झाकणाऱ्या पत्र्याच्या झडपा, पुढे-मागे गुरं बाजूला सारणारी जाळी. चाकं दिसतच नाहीत, त्यामुळे आत कुठलीही यंत्रणा बसवता येते आणि माझ्यासारख्याला ते झेपेल. पण मुंबईच्या गोदीत ते शोभेल का? आणि रूळ कुठल्या मापाचे घ्यायचे?

पनवेलवाला
वाचतोय. बत्तीचा फोटो टाका ना.

बारीकसारीक
स्वागत! पहिल्याच धाग्यात एवढा ऐवज आणलात.

आधी ट्राम इंजिनाचं. झडपा शोभेसाठी नव्हत्या. वाफेचं इंजिन भर रस्त्यातून, माणसांच्या आणि जनावरांच्या मधून चालवायचं तर चाकं आणि दांडे झाकलेच पाहिजेत असा तिथला नियम होता. तुम्ही म्हणताय ते बहुधा ग्रेट ईस्टर्न रेल्वेचं सहा चाकी इंजिन, पुढे ज्याला जे-७० म्हणू लागले. १९०३ ते १९२१ या काळात अशी १२ बांधली. विस्बेच–अपवेल ही रस्त्याकडेची लाइन, इप्सविचची गोदी, यार्मथचा धक्का इथे ती चालली. विस्बेचला १९५२ मध्ये डिझेल आली, शेवटचं जे-७० १९५५ मध्ये मोडीत निघालं. बारापैकी एकही उरलं नाही. आज त्यांची जी मॉडेलं दिसतात ती फोटो आणि कारखान्याच्या नकाशांवरून केलेली.

आपल्याकडे कलकत्त्यात १८८२ मध्ये वाफेच्या ट्रामचा प्रयोग झाला. कराचीत, जी तेव्हा मुंबई इलाख्यातच होती, १८८५ मध्ये ट्राम वाफेवरच सुरू झाली, पण आवाजाच्या तक्रारींमुळे लवकरच घोडे जुंपावे लागले. मुंबईत ट्राम १८७४ पासून घोड्यांवर आणि १९०७ पासून विजेवर धावली. ट्राम इंजिनाला इथल्या रस्त्यावर कधी जागाच मिळाली नाही. तेव्हा ते हवंच असेल तर मॉडेलच्या बोर्डाचं नाव यार्मथ ठेवा. मुंबईची गोदी करायची तर उघड्या चाकांचं, आखूड, टाकीवालं (पाण्याची टाकी अंगावरच असलेलं) शंटिंग इंजिन करा. आजोबांची बत्ती ज्या इंजिनाला दाखवली गेली, तेच बोर्डावर असू दे.

आता माप. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर. बाजारात मिळणारा तयार रूळ १६.५ मिमीचा, तो परदेशी १४३५ मिमीच्या रुळासाठी १:८७ ला (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या मॉडेलला) बरोबर बसतो. आपलं इंजिन १:८७ ला करायचं तर रूळ १९.३ मिमी हवा. ब्रिटिश १:७६ ला करायचं तर २२ मिमी. तयार रुळावर १:८७ चं भारतीय इंजिन ठेवलं की ते अंगापेक्षा अरुंद पायांवर उभं दिसतं, आणि पुढून पाहिलं की हे फार खटकतं.

मार्ग दोन. एक, रूळ स्वतः घाला. तुमचे रूळ फरसबंदीत बुडालेले, म्हणजे स्लीपर दिसणारच नाहीत. तांबा चढवलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्यांवर रूळ डाख देऊन जोडले की काम झालं, मधे सुरीने तांबं कापून दोन रूळ विजेला वेगळे करायचे. चार फुटांत ते सहज होतं. दोन, तयार ३२ मिमीचा रूळ घेऊन प्रमाणच १:५२ धरा, मग १६७६ मिमी जवळजवळ नेमका बसतो. पण त्या प्रमाणात दुसरं काहीच विकत मिळत नाही, माणसापासून हातगाडीपर्यंत सगळं हाताने करावं लागेल. मी असतो तर १:८७ आणि १९.३.

(साखर कारखान्यांची छोटी लाइन करणाऱ्यांचं नशीब चांगलं. ७६२ मिमीचा नॅरोगेज १:८७ ला पावणेनऊ मिमी येतो, म्हणजे बाजारातला ९ मिमीचा रूळ जवळजवळ फुकटात जुळतो.)

शिवडीची_खाडी
बारीकसारीक दादा, मनापासून आभार. ट्राम इंजिनाचा मोह सोडला. १९.३ मिमी, टाकीवालं चार चाकी. पण एक भीती आहे. चारच चाकं म्हणजे वीज चारच ठिकाणी उचलणार, फरसबंदीत धूळ बसली की जागच्या जागी थांबणार ना?

बारीकसारीक
थांबेल, जर चौकट ताठ केली तर. चार चाकं ताठ चौकटीत बसवली की रुळाच्या जराशा उंचसखलपणाने एक चाक अधांतरी राहतं. तिपाई कधी डगमगत नाही, तेच तत्त्व वापरा. मागचा आस पक्का, पुढचा आस मधोमध एका आडव्या तारेवर टेकवून दोन्ही बाजूंना डुलता ठेवा. चारही चाकं कायम रुळाला चिकटून राहतील. सांध्याचा मधला धातूचा तुकडा जिवंत, म्हणजे विजेला जोडलेला, ठेवा, म्हणजे तिथे वीज तुटणार नाही. फरसबंदी रुळाच्या माथ्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने खाली ठेवा, नाहीतर रूळ पुसताना कपडा दगडावरूनच फिरत राहील.

गिअरची एन-२० नावाची छोटी मोटर लॅमिंग्टन रोडला मिळते. पितळेचा पत्रा पायधुनीला तांबाकाट्यावर, पाव मिमीचा मागा. बारीक तुकडे वजनावर देतात.

माझगावकर_आजोबा
मुलांनो, नातीने हा धागा दाखवला. मी गोदीत नोकरी केली, माल मोजण्याच्या खात्यात. इंजिनावर नव्हतो, पण चाळीस वर्षं ती डोळ्यांसमोर होती. लागलो तेव्हा वाफेची होती, नंतर डिझेल.

मॉडेल करणाराने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गाडी माणसाच्या चालीने चालायची. रस्ता ओलांडताना पुढे एक जण लाल निशाण घेऊन चालत असे आणि तो हमालांवर जितका ओरडे तितका इंजिनाचा भोंगासुद्धा ओरडत नसे. वाघिणी कधी एका रांगेत सरळ उभ्या दिसायच्या नाहीत. कुणाचं दार उघडं, कुणाच्या दाराला फळी लावून माथाडी गोणी उतरवतायत, खाली सांडलेल्या धान्यावर कबुतरं. दोन गोदामांच्या मधे सावली असायची, तिथे उन्हाळ्यात माणसं वाघिणीखाली झोपत. गाडी हलवण्याआधी पॉइंट्समन वाकून प्रत्येक वाघिणीखाली बघून हाक मारायचा. ती हाक अजून कानात आहे.

आणि कापूस. कापसाच्या गाठी उघड्यावर असल्या की वाफेच्या इंजिनाच्या ठिणगीची सगळ्यांना धास्ती. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन बोटीचा स्फोट झाला, तिच्यावर दारूगोळ्यासोबत कापूसही भरलेला होता. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण कामाला लागलो तेव्हा ज्यांनी तो दिवस पाहिला ते मुकादम होते. कापसाजवळ कुणी विडी काढली तर ते हातातून हिसकावून घेत.

मधुरा_घाटकोपर
आजोबा, नमस्कार. तुमच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायला नातीला सांगा, अगदी या रविवारीच. फोनवर केल्या तरी चालतील.

ठिणगीच्या मुद्द्यावरून सांगते. यावर उपाय म्हणून बिनआगीचं इंजिन निघालं. त्याला भट्टी नसतेच. बॉयलरच्या जागी नुसती मोठी टाकी. कारखान्याच्या बॉयलरमधून तीत दाबाखालची वाफ आणि गरम पाणी भरायचं. इंजिन चालतं तसा दाब उतरतो, आणि दाब उतरला की तेच पाणी आपोआप उकळून आणखी वाफ देतं. एका भरणीत काही तास शंटिंग होतं आणि ठिणगी एकही नाही. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात असं एक आहे, हेन्शेल कंपनीने १९५३ मध्ये बांधलेलं. त्याला धुराडं नाही, हे लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. मॉडेलसाठीही सोपं, नुसतं एक लंबगोल पिंप.

मी धातूच्या वस्तूंचं जतन करण्याचं काम करते, म्हणून धाग्याच्या शीर्षकातल्या दुसऱ्या प्रश्नावर, खरं इंजिन कसं वाचवायचं यावर, बोलते. आपल्याकडे इंजिन "वाचवलं" म्हणजे चौथऱ्यावर चढवलं, झाडून सगळ्याला चकचकीत रंग फासला, भोवती साखळी लावली. पुढच्या दहा पावसाळ्यांत ते आतून संपतं. धुराच्या पेटीत, म्हणजे धुराड्याखालच्या भागात, जुनी राख तशीच राहते. राखेत गंधक असतं. पावसाची ओल लागली की त्याचं आम्ल होतं आणि तळाचा पत्रा चाळणी होतो. बाहेरून रंग मात्र झकास. राख काढायला एक दिवस लागतो, एक खुरपं आणि एक झाडू. मी पाहिलेल्या इंजिनांपैकी एकातच ती काढलेली होती.

समुद्राकाठी तर मीठ. पावसाळा संपला की गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं. टाक्यांच्या खालच्या भोकांचे बूच काढून ठेवायचे, म्हणजे पाणी साठत नाही. ताडपत्री गच्च आवळू नका, आत घाम सुटतो. वर पत्र्याची शेड, चारी बाजू मोकळ्या, हे सर्वांत उत्तम. आणि रंग खरवडण्याआधी एका कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत, ओल्या पॉलिश पेपरने हळूहळू घासा. एकाखाली एक थर गोल कड्यांसारखे दिसतात. आधी फोटो. ती इंजिनाची जन्मपत्रिका आहे, सँडब्लास्टिंगने (वाळूचा फवारा मारून रंग उडवला की) ती एका दुपारी पुसली जाते.

बॉयलरभोवतीच्या जुन्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं, हौसेने हात घालू नका. आणि वाफेवर पुन्हा चालवण्याची गोष्ट निघाली तर बॉयलर निरीक्षकाशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही.

पनवेलवाला
+१. फार मोलाचं. राखेचं मला माहीतच नव्हतं.

रेल्वेवेडा_डोंबिवली
पण मधुराताई, छोट्या कारखान्यातली इंजिनं चौथऱ्यापर्यंत तरी कुठे पोहोचतात? माथेरानची इंजिनं सगळ्यांना प्यारी, ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची. एक दिल्लीला आहे, ७४० नंबरचं तर इंग्लंडात नेऊन जपलंय. गोदीतल्या, गिरणीतल्या, रिफायनरीतल्या शंटरला कोण विचारतं? १८५३ च्या पहिल्या गाडीचा इतिहास पाठ असतो, पण त्याच्या आदल्या वर्षी, १८५२ मध्ये, भायखळ्याला बांधकामाचा माल ओढणारं फॉकलंड नावाचं इंजिन आलं होतं हे किती जणांना ठाऊक? मुंबईत आलेलं पहिलं इंजिन कष्टाचंच होतं.

शिवडीची_खाडी
सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. आता माझी प्रगती, आणि एक फजिती.

इंजिनाचं वजन वाढवण्यासाठी शिसं हवं होतं. कोळीवाड्यातल्या मित्राने जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या दिल्या. टाकीत त्या भरल्या आणि वरून पांढरा डिंक ओतला. सहा आठवड्यांनी कपाट उघडलं तर पितळी टाकीची शिवण उसवलेली, पोट फुगलेलं. शिवणीतून पांढरी भुकटी बाहेर आलेली. दोन महिन्यांचं डाखकाम गेलं. असं का झालं?

बारीकसारीक
अरेरे. हे माझ्याकडून सांगायचं राहिलं, माफ करा. पांढऱ्या डिंकातून आम्लाचा अंश सुटत राहतो, तो शिशाला खातो. त्यातून जे क्षार तयार होतात ते शिशापेक्षा जास्त जागा घेतात. पितळही त्यापुढे टिकत नाही. शिसं नेहमी दोन भागांच्या एपॉक्सीत बसवा आणि हात साबणाने धुवा. टाकी टाकू नका. डाख उकलून आतलं साफ करा, पत्रा पुन्हा सरळ होईल.

माझगावकर_आजोबा
शिवडीकर बाळा, वाईट वाटून घेऊ नकोस. फुगलेल्या टाक्या आम्ही खऱ्याही पाहिल्यात.

रेल्वेवेडा_डोंबिवली
धागा वर आणतोय, कारण घाई आहे.

दोन वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका बंद कारखान्यात एक चार चाकी डिझेल शंटर उभा होता. मी गेटवरून पाहिला, सुरक्षारक्षकाने नाव लिहून घेतलं, परवानगीसाठी पत्र दिलं. तीन पत्रं गेली, उत्तर नाही. चौथ्या वेळी गेलो तेव्हा जागा रिकामी होती, जमिनीवर तेलाचा लांबट डाग. चौकशी करत मुंबईतल्या दारुखान्याच्या भंगारबाजारात पोहोचलो. कॅबचा (चालकाच्या खोलीचा) अर्धा भाग तिथे होता, गॅसने कापलेला, कडा अजून निळ्या. मेकरची पाटी आधीच गेली होती. त्या इंजिनाचं माझ्याकडे एकही माप नाही, गेटमधून काढलेले चार धूसर फोटो आहेत.

आता खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यातल्या अशाच शंटरची खबर आहे. मालकांशी बोलणं झालंय, भंगारात देण्याआधी एक रविवार आपल्याला देतायत. कोण येणार?

मधुरा_घाटकोपर
मी येते. सोबत आणायचं: पन्नास फुटी टेप, ओळंबा, खडू, सुतळी, पांढरा जाड कागद, मऊ पेन्सिली. एक सरळ काठी घ्या, दर दहा सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा, आणि ती प्रत्येक फोटोत उभी करा. फोटो शक्य तितक्या लांबून, झूम करून, अगदी काटकोनात काढा. जवळून काढला की कडा पसरतात आणि त्यावरून नकाशा निघत नाही.

बारीकसारीक
मीही. चाकाचा व्यास मधून मोजता येत नाही, चाकाभोवती सुतळी फिरवून परीघ घ्या आणि ३.१४ ने भागा. दोन आसांमधलं अंतर ओळंबा सोडून जमिनीवर खडूने. रिव्हेट किंवा बोल्ट असतील तर मोजा, आणि दोनमधलं अंतर तीन ठिकाणी घ्या.

पनवेलवाला
पनवेलला माझी गाडी आहे, चार जण मावतील.

शिवडीची_खाडी
काल आम्ही पाच जण जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

शंटर वडाखाली उभा आहे, अर्धा गवतात. चार चाकं, मधे कॅब, पुढे लांब नाक. पावसाने छपराची एक बाजू सडली आहे, पण चौकट भक्कम. मधुराताईंनी आधी कुणाला हात लावू दिला नाही, तासभर नुसते फोटो. मग दाराच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन लागत नाही, तिथे पॉलिश पेपरने घासायला सुरुवात केली. वर राखाडी, त्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा पिवळा पण जास्त केशरी, आणि सगळ्यात खाली गडद हिरवा. हिरव्याच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ निघाली. कारखान्यातलं साधं ढकलायचं इंजिन, पण नवं असताना कुणीतरी त्याच्या दारावर हाताने रेघ मारली होती.

मेकरची पाटी जागेवर नाही, तिची चार भोकं आहेत. भोकांवर कागद धरून पेन्सिल फिरवली, पाटीचा आकार तरी मिळाला. आसांमधलं अंतर सहा फूट, म्हणजे १:८७ ला २१ मिमी. उजवीकडच्या पुढच्या चाकाची कड डावीपेक्षा कितीतरी जास्त झिजलेली. तिथले वयस्क फिटर म्हणाले, कारखान्यातलं मोठं वळण एकाच बाजूला होतं, आयुष्यभर ते एकाच बाजूला वळलं. मॉडेलवर त्या एका चाकाची कड मी कानशीने किंचित कमी करणार आहे. कुणाला दिसणार नाही हे माहीत आहे.

मालकांनी दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलंय. मापं वहीत चाळीस पानं आहेत, त्यांचा नकाशा काढायला बारीकसारीक दादा बसलेत. खालच्या बाजूची, म्हणजे ब्रेकच्या दांड्यांची मापं राहिली, खाली सापाची कात दिसली म्हणून कुणी शिरलं नाही. पुढच्या रविवारी गवत कापून घेतो. जाड हातमोजे आणि गमबूट ज्यांच्याकडे असतील त्यांनी कळवा. आजोबा, तुमच्यासाठी खुर्ची आणि सावली दोन्हीची सोय आहे, पनवेलवाले तुम्हाला माझगावहून घ्यायला येतील.

माझगावकर_आजोबा
येतो. सात वाजता खाली तयार असेन.